मुलाच्या परदेशातल्या घरासाठी मुंबईतून पैसे पाठवताय? आधी नाव ठरवा, मग रेट बघा

परदेशात घर घ्यायचं ठरलं की आपल्याकडे लोक पहिल्यांदा डॉलर-पौंडाचा रेट बघायला लागतात, रोज सकाळी चहाबरोबर मोबाईलवर आज वर की खाली. बघा की, पण ते नंतरचं काम आहे. आधी घरातल्या सगळ्यांनी बसून एवढं ठरवा की घर नक्की कुणाच्या नावावर होणार, कारण तिकडचा टॅक्स असो की इकडचा, जवळजवळ सगळा ह्या एका नावावरून ठरतो आणि एकदा कागद झाले की मागे फिरणं महाग पडतं.

मी हे मुख्यतः अशा लोकांसाठी लिहितोय ज्यांची मुलं बाहेर सेटल झालीयेत आणि आई-वडील इकडची एफडी, ग्रॅच्युइटी नाहीतर रिडेव्हलपमेंटचा कॉर्पस त्यांना घरासाठी देणार आहेत. स्वतःच्या नावाने दुबईत वगैरे घेणाऱ्यांसाठी पण खाली लिहिलंय.

आता नावाचा प्रश्न किती पैशांचा आहे ते आकड्यात बघू. माझा एक मावसभाऊ मुलुंडला राहतो, त्याचा मुलगा लीड्सला नोकरीला, तिकडे साधारण ३ लाख पौंडांचं घर बघितलेलं, डिपॉझिटचे (म्हणजे आपलं डाउन पेमेंट) पैसे आई-वडील देणार, बाकी मुलाचं होमलोन. भावाचं म्हणणं एकच, पैसे आमचे तर कागदावर नाव पण आमचं लागलं पाहिजे. त्याचं चुकीचं आहे असं नाही, आयुष्यभराची कमाई आहे. पण इंग्लंडमध्ये घर घेताना स्टॅम्प ड्युटी लँड टॅक्स लागतो आणि १ एप्रिल २०२५ पासूनचे रेट असे आहेत की पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३ लाख पौंडांपर्यंत शून्य. म्हणजे मुलाने एकट्याने घेतलं आणि स्वतः राहणार असेल तर ड्युटी शून्य. वडिलांचं नाव जोडलं की ही सवलत गेली, कारण सवलतीसाठी सगळेच खरेदीदार पहिल्यांदा घेणारे पाहिजेत आणि वडिलांचा मुलुंडचा फ्लॅट मोजला जातो, जगात कुठेही घर असलं तरी ते धरतात. मग नेहमीच्या स्लॅबने ५,००० पौंड, वर दुसरं घर म्हणून पूर्ण किमतीवर ५ टक्के म्हणजे १५,०००, आणि वडील गेल्या वर्षभरात १८३ दिवस तिकडे राहिलेले नाहीत म्हणून नॉन-रेसिडेंटचा २ टक्के सरचार्ज, म्हणजे ६,०००. एकूण २६,००० पौंड, फक्त एका नावासाठी! ही ड्युटी घर ताब्यात आल्यावर १४ दिवसांत भरायची असते आणि होमलोनमध्ये ती धरलेली नसते, रोख पाहिजे.

ह्यातलं अजून एक कलम मुंबईकरांना हमखास आडवं येतं. आपल्याकडे फ्लॅट घेताना मुलाचं नाव अ‍ॅग्रीमेंटमध्ये टाकून ठेवायची सवय आहे, पुढे त्रास नको म्हणून. आता तोच मुलगा इंग्लंडमध्ये पहिलं घर घ्यायला गेला की कायद्याच्या दृष्टीने तो पहिल्यांदा घेणारा नाहीच, त्याचं एक घर कांदिवलीत आहे. सवलत तर जातेच, आणि त्याचा हिस्सा ४० हजार पौंड किंवा त्यापेक्षा जास्त किमतीचा असेल (मुंबईत अर्ध्या फ्लॅटचा सहज निघतो) तर ५ टक्क्यांचा जादा भार पण बसू शकतो. सोसायटीत नुसता नॉमिनी असेल तर प्रश्न नाही, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पण अ‍ॅग्रीमेंटमध्ये नाव असेल तर ते तिकडच्या सॉलिसिटरला (घराचे कागद करणारा वकील) पहिल्याच दिवशी सांगा, लपवून ठेवू नका, कारण फॉर्मवर सही मुलाची असते. (हे इंग्लंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचं झालं, स्कॉटलंड आणि वेल्सचे टॅक्स वेगळे आहेत.)

म्हणून बहुतेक घरांत सरळ मार्ग हाच की घर मुलाच्या नावावर आणि आपण त्याला गिफ्ट द्यायचं. गिफ्टवर आपल्याकडे टॅक्स नाही, आई-वडील आणि मुलं जवळच्या नात्यात बसतात, रक्कम कितीही असो. इंग्लंडमध्ये पण मुलाला मिळालेल्या गिफ्टवर इन्कम टॅक्स नाही. पण गिफ्ट म्हणजे गिफ्ट हां. होमलोन देणारी बँक एक गिफ्ट लेटर मागते ज्यात तुम्ही लिहून देता की हे पैसे परत मागणार नाही आणि घरात माझा हिस्सा नाही. उसने दिलेत असं लिहिलंत तर ते मुलाचं अजून एक कर्ज धरतात आणि लोनची रक्कम कमी होते. तेव्हा म्हातारपणाच्या औषधपाण्याचे पैसे ह्यात घालू नका, ते बाजूला ठेवूनच आकडा ठरवा. आणि एक मुलगा बाहेर, एक मुलगी इथे असं असेल तर मुलीला आत्ताच सांगा आणि मृत्युपत्रात तशी वाटणी करून ठेवा, हा टॅक्सचा विषय नाही पण ह्यावरून अबोला धरलेली घरं माझ्या ओळखीत आहेत.

आता पैसे पाठवायचे कसे. रिझर्व्ह बँकेची लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम, सगळे एलआरएस म्हणतात. माणशी, एका आर्थिक वर्षात, म्हणजे एप्रिल ते मार्च, अडीच लाख डॉलर. नवऱ्याचे वेगळे, बायकोचे वेगळे. ह्यात गिफ्ट, गुंतवणूक, फिरणं, शिक्षण सगळं धरून आकडा मोजतात. पॅन पाहिजेच. बँकेत ए-टू फॉर्म भरायचा आणि त्यावर पर्पज कोड टाकायचा, मुलाला गिफ्ट असेल तर एस-१३०२, स्वतःच्या नावाने घर घेत असाल तर एस-०००५. काउंटरवरचा एखादा हुशार सल्ला देतो की शिक्षण म्हणून टाका, टॅक्स कमी कापला जाईल. अजिबात ऐकू नका, त्या डिक्लेरेशनखाली सही तुमची असते, त्याची नाही.

शाखा निवडताना जरा डोकं लावा. प्रत्येक बँकेला परकीय चलनाचं लायसन्स नसतं, आणि मुंबईत कितीतरी ज्येष्ठ मंडळींचे पैसे गल्लीतल्या सहकारी बँकेत पडलेले असतात. तिथे आधी विचारा. नसेल लायसन्स तर पैसे दुसऱ्या बँकेत हलवावे लागणार, आणि तिथे अडचण अशी की मालमत्ता किंवा गुंतवणूक असल्या कारणासाठी पैसे पाठवायचे तर त्या बँकेत किमान एक वर्ष जुनं खातं पाहिजे असा नियम आहे, नवीन खातं असेल तर जुन्या बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट नाहीतर इन्कम टॅक्स रिटर्न दाखवावं लागतं. गिफ्टलाही बऱ्याच शाखा हेच सगळं मागतात, तेव्हा कागद काढूनच ठेवा. त्यातून सगळ्यात जास्त वेळ खातो तो नावाचा घोळ, पॅनवर वडिलांचं नाव मध्ये आहे, पासपोर्टवर नाही, खात्यावर नुसतं इनिशियल, आणि काउंटरवरचा मुलगा तीन कागद शेजारी शेजारी ठेवून मान हलवतोय की सर, सिस्टीम घेणार नाही. हे आधीच सरळ करून घ्या.

आणि कर्ज काढून पाठवायचा विचार असेल तर गुंतवणूक किंवा मालमत्तेसाठी पाठवायच्या पैशाला इथल्या बँकेला कर्ज द्यायची मनाई आहे. स्वतःचीच बचत पाहिजे.

आता टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक तुमच्याकडून वसूल करते तो टॅक्स. ह्याच्यावरून सगळ्यात जास्त घबराट होते. एका आर्थिक वर्षात माणशी १० लाख रुपयांपर्यंत काही नाही, त्याच्या वर जे पाठवाल त्यावर बँक २० टक्के टीसीएस वसूल करते. शिक्षण आणि उपचाराला रेट कमी आहे, पण घराला आणि गिफ्टला २०. ही १० लाखांची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून आहे, त्याआधी ७ लाख होती. आणि मर्यादा बँकेमागे नाही, पॅनमागे आहे, दोन बँकांतून पाच-पाच पाठवले तरी बेरीज एकच.

हा टॅक्स म्हणजे खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा झालेला आगाऊ टॅक्स आहे, रिटर्न भरलं की वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत पैसा अडकतो आणि ऐनवेळी तेवढी रक्कम खात्यात लागते, खरी गोम ती आहे. समजा ६० लाख पाठवायचे. एकट्या वडिलांनी एकाच वर्षात पाठवले तर १० लाख सोडून ५० लाखांवर २० टक्के, म्हणजे १० लाख टीसीएस, खात्यात ७० लाखांच्या वर पाहिजेत. आई आणि वडील दोघांनी ३०-३० पाठवले तर प्रत्येकी २० लाखांवर ४ लाख, एकूण ८. आणि दोघांनी अर्धे मार्चमध्ये, अर्धे एप्रिलमध्ये पाठवले तर दोन आर्थिक वर्षं मिळतात, प्रत्येक वेळी १५ लाखांतले ५ लाखच टीसीएसमध्ये येतात, एकूण ४ लाख. दहाचे चार झाले, आणि ह्यात कुठे काही लपवाछपवी नाही.

वेळेचं अजून एक गणित आहे जे बँकेत कुणी सांगत नाही. मार्चमध्ये कापलेला टीसीएस तुम्ही त्याच वर्षी जुलैपर्यंत भरायच्या रिटर्नमध्ये मागू शकता. एप्रिलमध्ये कापलेला मागायला पुढच्या वर्षीचं रिटर्न, म्हणजे सव्वा वर्ष पैसे बिनव्याजी सरकारकडे. तेव्हा मोठा तुकडा मार्चमध्ये आणि छोटा एप्रिलमध्ये असं जमत असेल तर बघा, अर्थात तिकडची तारीख सांभाळूनच. नोकरीत असाल तर ऑक्टोबर २०२४ पासून कापलेला टीसीएस ऑफिसला कळवून पगारातला टीडीएस तेवढा कमी करून घेता येतो, आणि धंदा असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरताना वजा करा. पेन्शनवाल्यांना मात्र बऱ्याचदा रिफंडची वाट बघावी लागते, त्यांनी रिटर्न चुकवायचंच नाही, उत्पन्न टॅक्सेबल नसलं तरी. मार्चचा टीसीएस २६-एएसमध्ये (तुमच्या पॅनवर जमा टॅक्सचं सरकारी स्टेटमेंट) दिसायला मे महिना उजाडतो, बँक तिमाही रिटर्न भरेल तेव्हाच तो चढतो, म्हणून एप्रिलमध्येच बघून बँकेत जाऊन भांडू नका.

रेटवर येऊ. बँक जो रेट बोर्डावर लावते तो घासाघीस न करणाऱ्यांसाठी असतो. मोठी रक्कम असेल तर ब्रांच मॅनेजरला सांगा की ट्रेझरीकडून रेट घेऊन द्या, आणि त्याच क्षणी मोबाईलवर बाजारातला रेट उघडून ठेवा. ५० हजार पौंडांवर रुपयाचा फरक म्हणजे सरळ ५० हजार रुपये. दोन बँकांचे कोटेशन घेतले तर तिसऱ्या वाक्यात रेट खाली येतो, अनुभव घेऊन बघा. 'झिरो चार्जेस' म्हणणाऱ्याने रेटमध्येच काढून घेतलेले असतात. रूपांतरावर जीएसटी लागतो पण तो किरकोळ आहे, पूर्ण रकमेवर नसतो, एक ठरलेला तक्ता आहे, ५० लाखांवर साधारण १,७१० रुपये आणि रक्कम कितीही मोठी असली तरी १०,८०० च्या वर जात नाही. फॉर्मवर मधल्या बँकांचे चार्जेस कुणी भरायचे ह्याची एक खूण असते, तिथे 'अवर' (OUR, म्हणजे चार्जेस आमचे) निवडा, म्हणजे समोर पूर्ण रक्कम पोचते. पैसे गेल्यावर स्विफ्ट कॉपी (पैसे पाठवल्याचा बँकेचा पुरावा) मागून घ्या, ती मुलाला पाठवा. पैसे शक्यतो आधी मुलाच्या खात्यात पाठवावेत, आणि सॉलिसिटरच्या खात्यात परस्पर पाठवायचे असतील तर खाते नंबर ईमेलवर आला म्हणून विश्वास ठेवू नका, फोन करून एकेक आकडा तपासा, ईमेल हॅक करून खाते नंबर बदलायचे प्रकार घराच्या व्यवहारात सर्रास होतात.

पैसे आले कुठून हा प्रश्न इथे एकदा आणि तिकडे दुसऱ्यांदा विचारला जातो, आणि तिकडचे जास्त खोलात जातात. सहसा आई-वडिलांचे काही महिन्यांचे बँक स्टेटमेंट, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, आणि मोठी रक्कम कुठून जमा झाली त्याचा कागद. एफडी मोडली तर एफडीची पावती, फ्लॅट विकला तर नोंदलेला करारनामा आणि इंडेक्स टू. करारनामा मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून सही-शिक्क्यानिशी ठेवा. मुंबईत फ्लॅट विकताना काही रक्कम रोख घेतली असेल तर ती ह्या मार्गाने जाणारच नाही. मग कुणीतरी ओळखीचा हवाल्याचं नाव काढतो. फेमाखाली (परकीय चलनाचा कायदा) दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो, आणि तिकडे मुलाचा सॉलिसिटर व्यवहारच थांबवेल, नोकरी आणि व्हिसा मुलाचा आहे हे लक्षात ठेवा.

फ्लॅट विकून पैसे पाठवणाऱ्यांचा एक मोठा गैरसमज. "एक घर विकून दुसरं घेतलं की कॅपिटल गेन माफ" हे बरोबर, पण २०१४ च्या बजेटपासून दुसरं घर भारतातच पाहिजे. पार्ल्याचा फ्लॅट विकून मुलाला लंडनला घर घेऊन दिलं तर सवलत शून्य. आधी टॅक्सचे पैसे बाजूला काढा, मग उरलेले पाठवा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरावर इथल्या रहिवाशाला १२.५ टक्के इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे न वाढवता) किंवा २० टक्के इंडेक्सेशनसह, जो कमी बसेल तो, एवढा पर्याय आहे. आणि ५० लाखांपर्यंतचे कॅपिटल गेन बाँड घेता येतात पण मग ते पैसे पाच वर्षं अडकले, परदेशी जायचे नाहीत.

आता ज्यांना स्वतःच्याच नावाने घ्यायचंय त्यांच्यासाठी. मुंबईच्या मोठमोठ्या हॉटेलांत दुबईच्या बिल्डरांचे मेळे भरतात, चहा-सामोसे आणि 'टॅक्स फ्री भाडं'. दुबईत भाड्यावर टॅक्स नाही हे खरं, पण तुम्ही राहता मुंबईत, इथल्या रहिवाशाचं जगभरातलं उत्पन्न इथे टॅक्सेबल आहे, ते भाडं तुमच्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे टॅक्स लागणार, दुरुस्तीपोटी ३० टक्के वजावट मिळते तेवढीच. इंग्लंड-अमेरिकेत भाड्यावर तिकडे टॅक्स भरला तर दोन देशांतल्या टॅक्स करारानुसार त्याचं क्रेडिट इथे मिळतं, दुबईत भरलाच नाही तर क्रेडिट कसलं. शिवाय खरेदीच्या वेळी दुबई लँड डिपार्टमेंटची ४ टक्के फी.

दुबईच्या बिल्डरांचे महिन्याला किमतीच्या एक टक्का हप्त्याचे प्लॅन बघून भुलू नका. प्रत्येक हप्ता एलआरएसमधूनच जाणार, आणि ही स्कीम सरकारच्या मर्जीवर आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा रिझर्व्ह बँकेने मर्यादा २ लाख डॉलरवरून ७५ हजारांवर आणली होती आणि ह्या मार्गाने परदेशात घर घेणंच बंद केलं होतं, पुढच्या वर्षी परत उघडलं. पाच वर्षांचे हप्ते असतील तर हे डोक्यात असू द्या. ताब्यानंतरचे हप्ते म्हणजे एक प्रकारचं उधारच, तिथे फेमा जाणणाऱ्या सीएकडून लेखी घ्या. बुकिंग रद्द होऊन पैसे परत आले, किंवा तिकडच्या खात्यात नुसते पडून राहिले, तर १८० दिवसांत गुंतवायचे नाहीतर भारतात परत आणायचे.

बायकोची अडीच लाख डॉलरची मर्यादा वापरायला तिला पैसे दिले तर त्यावर टॅक्स नाही, पण तिच्या नावच्या घराचं भाडं नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. तिची स्वतःची कमाई असेल तर हा प्रश्न येत नाही.

बाकी देशांचं थोडक्यात. सिंगापूरला परदेशी माणसाने घर घेतलं तर जादा स्टॅम्प ड्युटी ६० टक्के, विषय संपला. कॅनडात परदेशी लोकांना घर घ्यायला बंदी १ जानेवारी २०२७ पर्यंत लावलेली आहे, ऑस्ट्रेलियात १ एप्रिल २०२५ पासून जुनी घरं घ्यायला बंदी, मुलगा तिकडे पीआर (कायमचा रहिवासी) असेल तर दोन्हीकडे गोष्ट वेगळी, म्हणजे परत मुलाचंच नाव. अमेरिकेत असलेल्या मुलाला वर्षात १ लाख डॉलरच्या वर परदेशातून गिफ्ट मिळालं तर त्याने फॉर्म ३५२० भरायचा असतो, टॅक्स नाही पण न भरल्यास दंड भारी. आणि तुम्ही भारतात राहून अमेरिकेतलं घर स्वतःच्या नावावर ठेवलंत तर ६० हजार डॉलरच्या वरच्या मालमत्तेवर तुमच्या पश्चात तिकडचा इस्टेट टॅक्स लागतो. विकताना किमतीच्या १५ टक्के कापून ठेवतात ते वेगळंच.

आणि शेवटी रिटर्न. स्वतःच्या नावाने घर घेतलं, अगदी दहा टक्के हिस्सा असला तरी, दर वर्षी रिटर्नमध्ये शेड्युल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरायचं, साधा आयटीआर-१ चालत नाही, दोन किंवा तीन नंबर लागतो. त्यात कॅलेंडर वर्ष धरतात, ३१ डिसेंबरला संपणारं, आर्थिक वर्ष नाही, इथे भलेभले सीए पण घोटाळा करतात. राहून गेलं तर १० लाख दंड होऊ शकतो, आणि २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला जी सूट दिलीय ती खाती-शेअर्स असल्यांना आहे, घराला नाही. गिफ्ट देऊन मोकळे झालात तर घर तुमच्या शेड्युलमध्ये येत नाही. पण मुलाने "सोयीसाठी" तुम्हाला त्याच्या तिकडच्या खात्यावर सही करायचा अधिकार दिला असेल तर ते खातं मात्र येतं, पैसे त्याचे असले तरी. गरज नसेल तर ती सही काढून टाकायला सांगा, आणि ज्या वर्षी काढली त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये तेवढं एकदा दाखवून घ्या.